मिलिमीटरचा हिशेब

लहान कॅबिनेटचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘एवढ्याशा डब्यात ग्राफिक्स कार्ड भाजून निघेल.’ दुसरं, ‘पत्रा लागतो एवढासा, मग किंमत दुप्पट-तिप्पट कशी?’ कॅबिनेट म्हणजे पार्ट ठेवायचा डबा, असं दोन्ही वाक्यांत गृहीत धरलेलं असतं. डबा मोठा तर हवा जास्त, डबा लहान तर पत्रा कमी. त्रैराशिक मांडलं की झालं. हे त्रैराशिक दोन्हीकडे चुकतं, आणि मुळाशी गोष्ट एकच आहे. छोटं कॅबिनेट बनवणारा आतला एकही पार्ट स्वतः बनवत नाही. मदरबोर्ड एकाचा, एसएमपीएस दुसऱ्याचा, कार्ड तिसऱ्याचं, कूलर चौथ्याचा. त्याच्या हातात उरते ती या सगळ्यांच्या मधली जागा, आणि तो विकतो तीच.

ही मापं कुठून आली, ते आधी पाहू. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा. व्हिया या तैवानी कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स आणला, तो १७० बाय १७०. एसएमपीएसमध्येही तसंच: नेहमीचा एटीएक्स १५० मिमी रुंद, तर लहान एसएफएक्स १२५ बाय १०० बाय ६३.५. म्हणजे लहान पार्ट बाजारात कधीचे होते. त्यांना शोभेल असं घर मात्र मोठ्या कंपन्या बांधत नव्हत्या. ते हौशी लोकांनी कागदावर आणलं आणि लोकवर्गणीतून उभं केलं. साडेबारा लिटरच्या आसपासचं एनकेस एम-१ असंच आलं. पुढे जर्मनीतल्या डॅन केसेसचं ए-४ एसएफएक्स २०१६ मध्ये किकस्टार्टरवर आलं, जेमतेम सव्वासात लिटरचं. (या मंडळींत कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात, पाण्याच्या कॅनसारखं. नेहमीचं मिड-टॉवर चाळीस-पन्नास लिटरचं असतं.) दोन्हींचा पत्रा कापला-वाकवला तो तैवानच्या लियान ली कंपनीने. ए-४ ची मांडणी सँडविचसारखी आहे: मधल्या कण्याच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून कार्ड, आणि दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. २९५ मिमी लांबीचं पूर्ण आकाराचं कार्ड त्यात बसतं. कूलरला मात्र ४८ मिमी उंचीच मिळते.

आता उष्णता. कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॅट खातात असं धरू. पन्नास लिटरच्या कॅबिनेटमध्ये हवा भरते सुमारे साठ ग्रॅम. ही साठ ग्रॅम हवा एक अंशाने तापायला साधारण साठ ज्यूल लागतात, आणि ४०० वॅट म्हणजे सेकंदाला ४०० ज्यूल. पंखे बंद ठेवून हवा तशीच कोंडली तर ती दर सेकंदाला सहा-सात अंशांनी तापेल. म्हणजे मोठ्या कॅबिनेटमधल्या ‘जास्त हवे’चा आधार काही सेकंदही टिकत नाही. खरा प्रश्न हवा किती साठली हा नसून किती वाहिली हा आहे. आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा यांत दहा अंशांचाच फरक ठेवायचा, तर ४०० वॅटसाठी सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा वाहती लागते. कॅबिनेट दहा लिटरचं असो की पन्नास, हा आकडा तोच. उलट सँडविच मांडणीत कार्डाचे पंखे जाळीला जवळपास चिकटलेले असतात आणि थेट बाहेरची हवा ओढतात. दर्शनी बाजूला काच ठोकलेल्या मोठ्या कॅबिनेटमध्ये तेच कार्ड स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा पुन्हा घेत बसतं. ते कॅबिनेट कसलं, काचेचं कपाट.

यावर एक आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा. लहान कॅबिनेटमध्ये पंखेही लहान. १४० मिमीच्या पंख्याचं क्षेत्रफळ ९२ मिमीच्या पंख्याच्या सव्वादोन पटींहून जास्त असतं. तेवढीच हवा ढकलायची तर लहान पंख्याला जोरात फिरावं लागतं आणि आवाज वाढतो. लहानपणाची किंमत मोजावी लागतेच, पण ती आधी कानांनी. पंख्यांचा वेग वाढवायची सोय असेतो तापमापकाने नव्हे. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे चालायचं नाही’ हे म्हणणं मात्र अर्धवट आहे. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असेल, तर पंचवीस अंशांच्या खोलीपेक्षा आतलं सगळं पंधराएक अंशांनी वर जाणार, आणि ते मोठ्या कॅबिनेटलाही चुकत नाही. ‘ॲल्युमिनियम आहे म्हणजे थंड राहील’ हाही असाच समज. धातू उष्णता वाहून नेतो ती त्याला टेकलेल्या वस्तूची. पंख्याच्या कॅबिनेटमध्ये चिप बाहेरच्या पत्र्याला टेकलेलीच नसते. बिनपंख्याच्या कॅबिनेटची गोष्ट वेगळी; तिथे हीटपाइपने चिपची उष्णता बाजूच्या जाड भिंतीपर्यंत मुद्दाम आणलेली असते.

जाळीवर थोडं थांबायला हवं, कारण उष्णता आणि किंमत हे दोन्ही वाद तिथेच भेटतात. ३ मिमी व्यासाची भोकं ४ मिमी अंतरावर तिरप्या ओळींत पाडली तर निम्मा पत्रा मोकळा होतो, ५१ टक्के. अंतर ५ मिमी केलं की मोकळी जागा ३३ टक्क्यांवर येते. फरक एका मिलिमीटरचा, पण पंख्याला तो लगेच कळतो. म्हणून डिझायनर दाट जाळी मागतो. ३०० बाय २०० मिमीच्या एका पॅनेलवर ही दाट जाळी म्हणजे चार हजारांहून जास्त भोकं. लाखांनी कॅबिनेट काढणारा कारखाना त्यासाठी डाय बनवून घेतो; डाय महाग, पण एकदा बनली की प्रेस धडाधड पॅनेल टाकत जातं आणि नगामागे खर्च नगण्य होतो. पाचशे नगांसाठी डाय परवडत नाही. मग लेझर एकेक भोक कापत बसतो, आणि मशीनचं बिल मिनिटावर असतं. इतक्या कापणीनंतर पातळ पत्रा किंचित डोलतो, तो पुन्हा सपाट करावा लागतो. वाचलेल्या पत्र्याचे पैसे या मशीनच्या वेळापुढे चिल्लर ठरतात.

‘एवढं तर आपल्या भोसरीत किंवा चाकणमध्ये होईल,’ असं कोणी म्हणेल. होईलच. लेझर, प्रेस ब्रेक, पावडर कोटिंग, सगळं तिथे आहे, आणि पहिला नमुना देखणाही निघेल. पण इलेक्ट्रिक पॅनेलच्या डब्यात दार अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर रबरी गॅस्केट सांभाळून घेतं. इथे सांभाळून घेणारं कोणी नाही. प्रत्येक बेंडमध्ये ०.२ मिमी चूक धरली आणि एकामागून एक चार बेंड आले, तर वाईटात वाईट ०.८ मिमीची चूक साठते. एम-३ स्क्रूच्या ३.४ मिमी भोकात मोकळीक आहे फक्त ०.४ मिमीची. कोटिंगचाही हिशेब ठेवावा लागतो. समजा १.५ मिमी जाडीची जीभ १.६ मिमीच्या खाचेत बसवायची आहे. ड्रॉइंगवर अगदी छान. मग दोन्हींवर ८० मायक्रॉनचा पावडरचा थर चढतो: जीभ होते १.६६ मिमीची आणि खाच उरते १.४४ची. हातोडीने बसवली तर रंग उडतो. न बसवावी तर मालच अडून राहतो. त्यामुळे खाच आधीच मोठी धरायची, नाहीतर त्या जागी टेप लावून थर चढूच द्यायचा नाही. अर्थिंगसाठी काही जागा तशाही उघड्या ठेवाव्या लागतात, कारण पावडर आणि अॅनोडायझिंग दोन्ही विजेला अडवतात.

मग मोठ्या ब्रँडचे ऑफिसात दिसणारे चिमुकले डेस्कटॉप याहून लहान आणि स्वस्त कसे? तिथे बोर्ड त्यांचाच, वीजपुरवठा त्यांचाच, कूलरही त्यांच्याच मापाचा. पार्टच डब्याप्रमाणे बेतलेले असतात. पाच वर्षांनी बोर्ड गेला की बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. हौशी माणूस पैसे मोजतो तो नेमका या बदलण्याच्या सोयीसाठी.

आणि या सोयीबद्दलही एक गैरसमज आहे: मोड्युलर म्हणजे काहीही बसेल. स्वीडनच्या लूकच्या घोस्ट एस-१ ला, गच्चीवर खोली चढवावी तसा, वरून आणखी एक मजला लावता येतो. पाण्याच्या कूलिंगचा रेडिएटर बसतो, पण ८.२ लिटरची फुशारकी संपते. फॉर्मडी टी-१ या कॅबिनेटमध्ये मधला कणा सरकवून जाड कार्ड बसवता येतं. मात्र एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, आणि कार्डाला दिलेली जागा कूलरच्या वाट्यातून जाते. रायझर केबलही अशीच दगा देते: पीसीआय एक्स्प्रेस ३.० साठी बनवलेली केबल दुप्पट वेगाच्या ४.० कार्डाला लावली की अनेकदा स्क्रीन काळाच राहतो, आणि बायॉसमध्ये वेग उतरवून द्यावा लागतो. थ्री-डी प्रिंटरने घरीच कॅबिनेट काढू म्हणणाऱ्यांचा प्रिंटर बहुधा ३२० मिमी लांबीचा तुकडा एकसंध काढू शकत नाही, आणि त्यात सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. नमुना हातात धरून बघायला मात्र त्यासारखं साधन नाही.

या सगळ्यात डिझायनरला सर्वांत जास्त छळलं ते कार्डाने. मदरबोर्डचं माप वीस वर्षांत हललं नाही. कार्डं मात्र दर पिढीला लांब, जाड आणि उंच होत गेली. आरटीएक्स ४०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड तीन स्लॉट जाडीचं आलं, तेव्हा दोन स्लॉटची कितीतरी कॅबिनेटं एका दिवसात जुनी झाली. २०२४ च्या जूनमध्ये एनव्हिडियाने लहान कॅबिनेटसाठी कार्डाची मर्यादा जाहीर केली: लांबी ३०४ मिमी, उंची १५१, जाडी ५०. त्यातल्या १५१ मध्ये विजेच्या केबलचा बाकही धरलेला आहे. तो बाक तोवर सहसा कार्डाच्या मापात लिहिलेला नसायचा, आणि बाजूचं पॅनेल न लागण्याचं कारण अनेकदा तोच असायचा.