घोड्यांच्या गावातले उपरे

न्यू जर्सीत घरपट्टी भरता भरता पेन्शन संपेल, असं हे वर्षानुवर्षं म्हणायचे. निवृत्तीनंतर आम्ही साउथ कॅरोलायनातल्या एकिनला आलो. इथे घरपट्टी कमी, सोशल सिक्युरिटीवर राज्याचा कर नाही, थंडी बेताची. गावाच्या रीतीभाती मात्र आमच्या हिशेबात कुठेच नव्हत्या.

'कोणत्या चर्चला जाता?' हा पहिला प्रश्न. त्यात भोचकपणा नसतो. नदीपलीकडे ऑगस्टाला देऊळ आहे, तिथे जातो, म्हटलं की समाधान होतं. अंत्ययात्रेच्या गाड्या दिसल्या की समोरून येणाराही गाडी कडेला घेतो. मयत ओळखीचं असो वा नसो.

आणि घोडे! जुन्या वस्तीतले रस्ते मुद्दाम मातीचे ठेवलेत, खुरांना त्रास नको म्हणून. व्हिस्की रोडच्या सिग्नलचं एक बटण स्वाराच्या हाताशी येईल इतक्या उंचीवर आहे. गावालगतच्या सुमारे २,१०० एकरांच्या हिचकॉक वुड्समध्ये मोटारींना मज्जाव. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी तिथे शिकारी कुत्र्यांना पाद्री आशीर्वाद देतात आणि सगळं गाव लोटतं. मला पोळाच आठवला. शिकार तरी कसली, आधी ओढून ठेवलेल्या वासामागे कुत्री धावतात, कोल्हा सुखरूप.

'आमच्याकडे असंच असतं,' हे इथे फार ऐकू येतं. म्हणून वाचनालयात जाऊन जुनं चाळलं, तर गंमतच. १८३५ साली वसलेलं हे गाव रेल्वेमुळे उभं राहिलं. घोड्यांचं वेड आणलं ते न्यूयॉर्ककडच्या धनिकांनी. हिवाळा चुकवायला ते इथे येत. १८८२ साली पोलो सुरू झाला, १९१४ साली हिचकॉक दांपत्याने कुत्र्यांची ती शिकार सुरू केली. म्हणजे अस्सल दक्षिणी म्हणून आम्हाला शिकवलं जातं त्यातलं बरंच उत्तरेकडच्या उपऱ्यांनीच आणलेलं. तबेले सांभाळणारे काळे मोतद्दार मात्र या कौतुकात क्वचितच येतात. पुढे १९५० मध्ये सव्हाना नदीकाठी अणुप्रकल्प जाहीर झाला. एलेंटनसारखी गावं उठली आणि बाहेरचे इंजिनिअर हजारोंनी आले. आता आम्ही पेन्शनर.

जेवणाचं मात्र लवकर जमलं. रस्त्याकडेला खारवून उकडलेल्या शेंगा मिळतात. राज्याने २००६ मध्ये त्यांना अधिकृत खाऊचा मान दिलाय. नववर्षाच्या दिवशी चवळी खायचीच, पैसा येतो म्हणतात. ही चवळी पश्चिम आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांच्या काळात आली. शेजारणीने बोलावलं तेव्हा मी गोडा मसाला घालून उसळ नेली. तिने दोनदा वाढून घेतली, शेजारच्या टेबलावर पाठवली आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं छान आहे गं, पण यात डुकराचं हाड का नाही घातलंस?"