१०८ निघालीय, तू टॉर्च घेऊन रस्त्यावर थांब!

माणमध्ये दिवसा ऊन आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. त्यात मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पाठोपाठ गोंदवल्याला महाराजांची पुण्यतिथी आणि साखर कारखान्यांचा हंगाम. म्हणजे रस्ते रात्रभर जागे!

अशा वेळी आठवतो १०८ नंबर. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे. गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टरही असतो, त्यामुळे उपचार वाटेतच सुरू होतात. पण आपल्याकडची घरं वाड्या-वस्त्यांवर विखुरलेली. गाडी गावात येते आणि वस्ती शोधण्यातच वेळ जातो. इथं तुमचं काम सुरू होतं.

फोनवर गाव, वस्ती, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा. फोन चालू ठेवा. एकानं टॉर्च घेऊन फाट्यावर थांबायचं. जखमीला पाणी पाजू नका, ओढाताण करू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

आणि ही वेळच येऊ नये म्हणून:

• दार-खिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो.

• उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर हवाच. बंद पडलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही.

• पहाटे आजोबांच्या छातीत दुखलं, घाम फुटला, तर ‘पित्त असंल’ म्हणून थांबू नका. लगेच १०८.

आज रात्री घरातल्या सगळ्यांना विचारा, ‘आपल्या वस्तीचा पत्ता फोनवर कसा सांगशील?’