ब्रॉडबँड जोडणीचे स्क्रिप्टद्वारे नियंत्रण

इंटरनेटची ब्रॉडबँड जोडणी सुरू करणे, तपासणे, तुटल्यास पुन्हा जोडणे व बंद करणे ही कामे, मजकूररूपी आज्ञा एका धारिकेत क्रमाने लिहून संगणकाकडून आपोआप करवून घेण्याची पद्धत. अशा धारिकेस ‘स्क्रिप्ट’ आणि तीतील आज्ञा वाचून अंमलात आणणाऱ्या आज्ञावलीस ‘शेल’ म्हणतात. युनिक्स प्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा शेल प्रसृत झाला. स्क्रिप्टलेखनाची ही परंपरा पुढे लिनक्स प्रणालीत आली.

जोडणीचे स्वरूप : ईथरनेट जालात ग्राहकाची ओळख पटविण्याची सोय मुळात नाही. ती पीपीपी या संदेशनियमात आहे. या दोहोंची सांगड घालणारा पीपीपीओई हा संदेशनियम फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला व टेलिफोनच्या तारेवरील डीएसएल जोडण्यांसाठी सर्वत्र रूढ झाला. यात ग्राहकाचा संगणक प्रथम सर्वांना उद्देशून पृच्छा पाठवितो. सेवादात्याचे यंत्र देकार देते. संगणक मागणी नोंदवितो. यंत्र सत्राचा क्रमांक देऊन ती मान्य करते. त्यानंतर नाव व संकेतशब्द तपासून संगणकास अंकीय पत्ता मिळतो. पीपीपीओईच्या शीर्षभागासाठी ६ व पीपीपीसाठी २ बाइट खर्ची पडत असल्याने ईथरनेटच्या १,५०० बाइटांपैकी १,४९२ बाइटच माहितीसाठी उरतात. ही मर्यादा योग्य रीतीने न नोंदविल्यास काही संकेतस्थळे उघडतात, तर काही अर्ध्यावर अडकतात.

आज्ञा व तपासणी : लिनक्सवरील आरपी-पीपीपीओई या आज्ञावलीसंचात ‘सेटअप’, ‘स्टार्ट’, ‘स्टेटस’ व ‘स्टॉप’ या कामांच्या स्वतंत्र आज्ञा आहेत. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक परत करते. शून्य म्हणजे यश, इतर अंक म्हणजे अपयश. स्क्रिप्टचे निर्णय या अंकावर आधारलेले असतात. तथापि जोडणी ‘चालू’ दिसणे व तीतून माहितीची ये-जा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांनी करतात : पीपीपीचा दुवा अस्तित्वात आहे काय, बाहेरील एखाद्या अंकीय पत्त्याकडून उत्तर येते काय, आणि नावावरून पत्ता शोधता येतो काय. केवळ तिसरी पायरी फसल्यास दोष बहुधा नावांच्या सेवेत असतो. अशा वेळी जोडणी तोडून पुन्हा जोडणे व्यर्थ होय. दर २० सेकंदांनी प्रतिध्वनी-पृच्छा पाठवून सलग ३ वेळा उत्तर न आल्यास दुवा तुटला असे धरले, तर बिघाड सुमारे एका मिनिटात लक्षात येतो.

पुनर्जोडणी : वीज अचानक गेल्यास समाप्तीचा संदेश सेवादात्याकडे पोहोचत नाही व तेथे जुने सत्र काही काळ जिवंत समजले जाते. एका ग्राहकास एकच सत्र मंजूर असेल, तर तोवरचे नवे प्रयत्न नाकारले जातात. यास्तव दोन प्रयत्नांमध्ये विराम ठेवून तो क्रमाने वाढवीत नेणे इष्ट असते. मात्र ओळख नाकारल्याचे दर्शविणारा १९ हा अंक पीपीपीडी आज्ञावलीने परत केल्यास संकेतशब्द तपासल्याखेरीज प्रयत्न चालू ठेवू नयेत.

दक्षता : संकेतशब्द स्क्रिप्टमध्ये न लिहिता, केवळ प्रशासकास वाचता येईल अशा वेगळ्या धारिकेत ठेवतात. दूरस्थ संगणक त्याच जोडणीवरून हाताळला जात असताना नुसती ‘स्टॉप’ आज्ञा दिल्यास हाताळणाऱ्याचाच मार्ग बंद होतो व पुढील ‘स्टार्ट’ आज्ञा देण्यास कोणी उरत नाही. निर्मनुष्य ठिकाणच्या उपकरणाबाबत याचा अर्थ तेथवर प्रत्यक्ष जाणे, असा होतो. म्हणून या दोन्ही आज्ञा एकाच स्क्रिप्टमध्ये लिहून ती, संपर्क तुटला तरी चालू राहील अशा रीतीने, त्या संगणकावरच चालवितात.

भारताच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदास २५६ किलोबिट होता. २०२३ मध्ये तो २ मेगाबिट ठरविण्यात आला. तांब्याच्या तारेची जागा बऱ्याच ठिकाणी प्रकाशतंतूंनी घेतली आहे व जोडणीचे काम बहुधा राउटर करतो. तथापि अनेक राउटरांच्या अंतर्भागात लिनक्सच असल्याने तेथेही तपासणी, विराम व पुनर्जोडणी हाच क्रम चालतो.