कराड ते कवलापूर विमानाने फक्त ८ मिनिटे? समजून घ्या हवाई अंतराचे गणित

सातारा जिल्ह्यातील कराडची धावपट्टी आणि सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी यांच्यातील हवाई अंतर साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे सुमारे ३५ सागरी मैल आहे. एटीआर-७२ हे छोट्या शहरांना जोडणारे विमान ताशी जवळपास ५०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला की उत्तर येते ८ मिनिटे. पण या दोन ठिकाणांदरम्यान नियमित प्रवासी विमान नाही, आणि उद्या सुरू झाले तरी ८ मिनिटांत पोहोचणार नाही.

ताशी ५०० हा वेग विमान पुरेशा उंचीवर गेल्यावरचा. ६५ किलोमीटरच्या पल्ल्यात ती उंची गाठण्याआधीच खाली उतरायची तयारी सुरू करावी लागेल. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत मोजतात. कोल्हापूर-मुंबईचेच घ्या. हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर, कागदावर ३६ मिनिटे. वेळापत्रकात मात्र तासाच्या आसपास.

प्रवाशाचे घड्याळ त्याहून वेगळे. सांगलीकराला कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जायला एक-सव्वा तास, तिथे आधी पोहोचायला तासभर, उड्डाण एक तास आणि मुंबईत बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे चार तास. गाडीने सात-आठ तास लागतात, त्यामुळे निम्मा वेळ वाचतो. अर्थात रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने झोपून गेले तर दिवस मोडतच नाही! सातारकरांचे गणित तर उलटेच. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोहोचेपर्यंत मुंबईचा जवळपास निम्मा रस्ता संपलेला असतो. त्यांना विमान उपयोगी पडते ते दिल्ली, बंगळुरूसारख्या लांबच्या प्रवासाला.

मग कराडहूनच विमान का नाही? कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५०च्या दशकात बांधलेली ही धावपट्टी सुमारे १,२८० मीटर लांब आहे. पूर्ण भरलेल्या एटीआर-७२ला समुद्रसपाटीवरही साधारण १,३०० मीटर लागतात. कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच. उंचीवर आणि मे महिन्याच्या उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावे लागते. त्यामुळे प्रवासी कमी घ्या, नाहीतर धावपट्टी वाढवा, असे दोनच मार्ग उरतात. वाढवायची तर शेजारी वारुंजी परिसरातील बागायती जमीन आहे, आणि ती द्यायला शेतकऱ्यांचा विरोध झाला आहे.

कवलापूरची धावपट्टी तर वापरातच नाही. तिथल्या विमानतळाच्या मागणीत तासगावच्या द्राक्षांचे नाव हमखास येते. मात्र निर्यातीची बहुतेक द्राक्षे आजही थंड कंटेनरमधून जहाजानेच जातात.