बारा तासांची ड्युटी : होकार देण्याआधी आठवडा मोजा

आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली एएनएम, जीएनएम करून बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळीच्या दवाखान्यांत लागल्या आहेत. काहींचे आईवडील आजही कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. नोकरी धरताना या लेकींपुढे प्रश्न येतो, ड्युटी आठ तासांची घ्यावी की बारा तासांची? घरचे बहुधा पगार पाहून सल्ला देतात. आमचे म्हणणे, आधी आठवडा मोजावा.

सरकारी रुग्णालयात निवडीला फारसा वाव नाही. ड्युटी चार्ट लागतो, सकाळ, दुपार आणि रात्र अशी फेरी चालते. खरी निवड खासगी दवाखान्यात करावी लागते. तिथे अनेक ठिकाणी आठ ते आठ अशा दोनच पाळ्या असतात.

बारा तासांची ड्युटी वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. दुपारची पाळी रात्री सुटली की गावाकडची एसटी निघून गेलेली असते. शेअर रिक्षाने एकट्या मुलीने जायचे, तर घरच्यांचा जीव टांगणीला. बारा तासांत महिन्याचे फेरे कमी होतात, भाडेही वाचते. पण हे खरे कधी? चार दिवस काम आणि तीन दिवस ऑफ असेल तेव्हा. चार गुणिले बारा म्हणजे 48 तास. परदेशातल्या अनेक रुग्णालयांत नर्सेस बारा तास काम करतात ते असे, आठवड्यातून तीन किंवा चार दिवस. आपल्याकडे बारा तास तेच ठेवतात आणि दिवस मात्र सहा! म्हणजे 72 तास. सुट्टीच्या दिवशी बोलावणे आले तर 84.

48 हा आकडा आपल्याला नवा नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा 1946 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. दवाखाना कारखाना नव्हे, पण थकणारे शरीर तेच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1977 साली खास नर्सेससाठी शिफारस केली. रोजचे काम आठ तासांपेक्षा जास्त नसावे, जादा काम धरूनही बारा तासांच्या पुढे जाऊ नये आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग बारा तास विश्रांती मिळावी.

या थकव्याची किंमत रुग्णही मोजतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सेसनी आपल्या कामाच्या रोज नोंदी ठेवल्या. ड्युटी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली, तिथे चूक होण्याची शक्यता तिपटीने वाढलेली दिसली. बारा तासांची ड्युटी चार्ज देता देता साडेबारावर सहज जाते. पहाटे तीन ते पाच या वेळेत झोप सर्वांत जास्त दाटते. तेव्हा इंजेक्शन भरताना औषधाचे नाव आणि डोस मोठ्याने वाचावा, सोबतच्या सिस्टरला दाखवावा. नाईट करून लगेच स्कूटी चालवू नये.

रुजू होण्याआधी विचारा : आठवड्याला ऑफ किती? रात्री एका सिस्टरकडे किती रुग्ण? सलग किती नाईट लागतात? पुढची सिस्टर आली नाही तर डबल ड्युटी कोण करणार, त्याचे पैसे मिळणार का? उत्तरे नेमणूकपत्रात लिहून मागा. पगार हजार-दोन हजारांनी जास्त असला तरी 72 तासांना भागून पाहा, कित्येकदा आठ तासांचीच नोकरी तासाला जास्त देते.

आणि घरच्यांनो, रात्रपाळी करून आलेली मुलगी किंवा सून दिवसा झोपली तर तिला आळशी म्हणू नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप लागत नाही. पत्र्यावर ओले पोते टाका, खिडकीला जाड पडदा लावा, शेजारच्या पक्क्या घरात जागा मिळत असेल तर तिथे झोपू द्या. स्वयंपाक त्या दिवशी दुसऱ्या कुणी करावा, पुरुषांनीही. नळाला पाणी आले तर भरायला तिला उठवू नका.