फितीत चित्र नसतं

व्हीसीआर हे सिनेमाचं यंत्र आहे की नाही, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. साल १९९३, खटला लक्ष्मी व्हिडिओ थिएटर्स विरुद्ध हरियाणा राज्य. लोकांना कॅसेट दाखवणाऱ्या पार्लरवाल्यांनी सिनेमाचा परवाना घ्यायचा का, एवढाच वरकरणी प्रश्न होता. पण कायदा होता १९५२ चा आणि दूरचित्रवाणी केंद्रांना वापरता येईल असा पहिला व्हिडिओ रेकॉर्डर अँपेक्स कंपनीने जगाला दाखवला तो १९५६ मध्ये. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे यंत्र असणं शक्यच नव्हतं. तरीही हलती चित्रं दाखवणारं कोणतंही उपकरण कायद्याच्या व्याख्येत बसतं, म्हणून व्हीसीआरही बसतो, असं न्यायालयाने ठरवलं.

जुने व्हीसीआर उघडून बसण्याचं वेड मला फार वर्षांपासून आहे आणि त्या वेडापायीच मी या निकालापर्यंत पोहोचलो. मला तो पटतो. सिनेमाची फिल्म उजेडासमोर धरली तर माणसं दिसतात. व्हीएचएसची फीत कशीही धरा, काही दिसत नाही. चित्र घडवतं ते यंत्र. ६२ मिलिमीटर व्यासाचा तिरका ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेड्स, सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकणाऱ्या फितीवरून तिरप्या रेघा वाचत जातात. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र, आणि अशा ५० रेघा सेकंदाला. रेघेची रुंदी सुमारे ४९ मायक्रॉन. हेड आणि रेघेची ही भेट जराशी चुकली की चित्र गेलं. फीत शाबूत असली तरी गेलं.

म्हणून दुरुस्ती ही नुसती हौस नाही, असं मी मानतो. विशेषतः दिल्लीत. १९८२ च्या एशियाडबरोबर इथे रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर घरोघर शिरला आणि पालिका बाजारात कॅसेटींचे ढीग लागले. तो भाग सर्वांना ठाऊक आहे. त्या ढिगांत सिनेमाशिवाय आणखी काय होतं, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. १९८६ मध्ये जामिया मिलियात शिकलेल्या तरुणींच्या मीडियास्टॉर्म गटाने मुस्लिम महिला विधेयकावर ‘इन सेक्युलर इंडिया’ हा व्हिडिओपट केला. १९८८ मध्ये इंडिया टुडे समूहाने मधू त्रेहान यांच्या नेतृत्वाखाली ‘न्यूजट्रॅक’ हे व्हिडिओ मासिक सुरू केलं. पाठोपाठ विनीत नारायण यांचं हिंदी ‘कालचक्र’ आलं. दूरदर्शन जे दाखवत नव्हतं ते महिन्याच्या कॅसेटमधून घरात येऊ लागलं. हवाला प्रकरणाची याचिका घेऊन नारायण सर्वोच्च न्यायालयात गेले तेही १९९३ मध्येच. १८ डिसेंबर १९९७ च्या त्या निकालाने सीबीआय आणि केंद्रीय दक्षता आयोगाच्या कारभाराची चौकट बदलली.

खरी गोम मात्र इथून पुढे आहे. तीच बातमी कागदावर छापली तर आधी कोणाची मंजुरी लागत नसे. कॅसेटवर घातली की ती ‘चित्रपट’ ठरे आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणावं लागे. व्हिडिओ मासिकांना प्रत्येक अंकासाठी या दारातून जावं लागलं. हा भेद मला आजही अन्यायाचा वाटतो. पार्लरच्या परवान्यापुरती योग्य असलेली व्याख्या बातमीच्या गळ्याला फास झाली.

त्याच काळातला दुसरा एक कायदा मात्र, नकळत का होईना, संशोधकांना वरदान ठरला आहे. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन ५२-अ हे कलम आलं. त्यानुसार व्हिडिओ कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता, आणि प्रमाणपत्र आवश्यक असेल तिथे त्याची प्रत, हे सारं देणं सक्तीचं झालं. चोरट्या प्रती पकडण्यासाठी केलेली ही तजवीज. १९९६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा तपशील नसणं हाच गुन्हा, मूळ मालक कोण ते निराळं सिद्ध करायची गरज नाही. त्यामुळे त्या काळातलं अधिकृत वेष्टन म्हणजे आयती सूचिपत्राची नोंद आहे: कोणी केलं, कोणाच्या मालकीचं, कोणत्या तारखेला मंजूर झालं. कॅसेटचं डिजिटायझेशन करून डबी रद्दीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना थांबवावंसं वाटतं.

आता टेबलाकडे वळतो. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमधल्या जुन्या मेकॅनिकांनी मला शिकवलेला पहिला धडा असा: दुरुस्तीच्या यंत्रात मोलाची कॅसेट कधी घालायची नाही, परीक्षेला भंगारातली घ्यायची. यंत्र चालूच होत नसेल तर आधी पॉवर सप्लायमधले फुगलेले, गळलेले कपॅसिटर पाहायचे. कॅसेट आत घेऊन यंत्र काही सेकंदांत थांबत असेल तर बहुधा गुंडाळणारी चकती फिरत नसते. तिची फेरी सेन्सरला जाणवली नाही की फीत आत सांडू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबतं. दोष सहसा कडक झालेल्या आयडलरच्या रबरात किंवा सैल बेल्टमध्ये. फीत अर्धवट ओढली जाऊन अडकत असेल तर मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस किंवा मळलेला मोड स्विच. आपण आत्ता कोणत्या अवस्थेत आहोत हेच मग यंत्राला कळत नाही.

एक दोष नवख्याला हमखास चकवतो. झाकण काढलं की नीट चालणारं यंत्रही थांबतं. व्हीएचएस फितीची दोन्ही टोकं पारदर्शक असतात. मधल्या दिव्याचा उजेड टोकातून आरपार गेला की फीत संपली असं यंत्र समजतं. टेबलावरच्या दिव्याचा झोत त्या सेन्सरवर पडला तरी त्याची तीच समजूत होते. झोत वळवला की दोष गेला. उलट सुरुवातीच्या यंत्रांत तो मधला बल्बच उडाला तर यंत्र कामच करत नाही, कारण टोक ओळखायचं साधन गेलेलं असतं.

आवाज स्वच्छ पण पडद्यावर नुसत्या मुंग्या, हे निदान सर्वांत सोपं. साधा आवाज फितीच्या कडेवर असतो आणि तो वेगळं, स्थिर हेड वाचतं. म्हणजे फीत सरकते आहे, ड्रमवरची हेड्स मळली आहेत. शॅमॉय कातड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमला अलगद टेकवायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू अडकतात. हात वरखाली तर मुळीच नको, फेराइटचं नाजूक टोक तुटतं. आणि कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावायचीच नाही. एक बुरसटलेली फीत ड्रम मळवते आणि ड्रम पुढच्या सगळ्या कॅसेटी.

हे ज्ञान पुस्तकांतून अर्धंच मिळतं, उरलेलं बोटांत असतं. ती बोटं म्हातारी होत आहेत. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं बंद केलं. युनेस्को आणि ध्वनिचित्र-संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल इशारा दिला, त्यात फिती वाचवण्यासाठी २०२५ हीच सीमारेषा धरली होती. ती आपण गाठली.

संग्रह आपल्याकडे आहेत. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेलं, पुढे दिल्लीला आणि मग गुरुग्रामला गेलेलं संगीतशास्त्राचं अभिलेखागार, म्हणजे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एआरसीई, गेली चार दशकं ध्वनिफिती आणि व्हिडिओ सांभाळत आहे. पण संस्थेत न पोहोचलेल्या कॅसेटी त्याहून कितीतरी जास्त आहेत: गॅरेजमध्ये, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओंत. त्या वाचवायच्या तर फितीइतकंच यंत्रही वारसा मानावं लागेल. संग्रहालयांनी भंगारात निघालेले व्हीसीआर सुट्या भागांसाठी विकत घ्यावेत. लाजपत राय मार्केटच्या मेकॅनिकला मानधन देऊन शिकवायला बोलवावं. कॅसेट लावण्याआधी वेष्टनाच्या चारही बाजूंचे फोटो काढावेत. न्यायालयाने १९९३ मध्ये चित्राची जबाबदारी यंत्रावर टाकली. परवाना मागताना आपण ती मानली, तर जतन करताना नाकारण्याचं काही कारण नाही.