समीक्षकाला आलेली पत्रे

चित्रपट पाहून घरी परतताना प्रत्येक प्रेक्षक काही ना काही मत बोलून दाखवतो. ‘गाणी बरी होती’, ‘शेवट ओढूनताणून केला’ असे अभिप्राय आपण नेहमीच ऐकतो. समीक्षक हाही मुळात असाच एक प्रेक्षक असतो. मात्र आपले मत कशावरून बनले हे त्याला सांगावे लागते आणि ते छापून येत असल्यामुळे त्याचा जाबही द्यावा लागतो. हा जाब वाचक मागतो. वृत्तपत्राच्या नोकरीतील समीक्षकामागे त्या वृत्तपत्राचे नाव उभे असते. मुक्त समीक्षक कोणाच्याही पगारावर नसतो. लेखागणिक मिळेल ते मानधन घेऊन तो लिहितो. त्याच्यापाशी वाचकाच्या विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते.

वाचकांशी पत्रांतून बोलण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. बाबुराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यातील परीक्षणे जितकी वाचली जात, तितकेच वाचकांच्या प्रश्नांना बाबुरावांनी दिलेल्या उत्तरांचे सदरही वाचले जाई. उत्तरे खोचक असत, क्वचित बोचरीही. परंतु बाबुराव स्वतःच संपादक होते. कोणते पत्र छापावे आणि शेवटचा शब्द कोणाचा असावा, हे त्यांच्याच हाती होते. शिवाय ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले होते. तेव्हा ‘एवढे कळते तर स्वतःच एखादा चित्रपट काढून दाखवा’ असे त्यांना कोणी म्हणू शकत नव्हते. बाकी समीक्षकांना हे वाक्य हमखास ऐकावे लागते. वास्तविक भाकरी करपली आहे हे सांगण्यासाठी खाणाऱ्याला स्वतः भाकरी थापता आलीच पाहिजे, असे कोणी म्हणत नाही.

हाती मासिक नसलेल्या समीक्षकाची स्थिती कशी असते, हे अमेरिकेतील पॉलीन केल (१९१९–२००१) यांच्या उदाहरणावरून कळते. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे त्या एक लहान चित्रपटगृह चालवीत आणि तेथे दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांवर टिपणे लिहून प्रेक्षकांना वाटत. त्याच गावातील केपीएफए या नभोवाणी केंद्रावरून त्या चित्रपटांविषयी बोलत. हे केंद्र जाहिरातींवर नव्हे, तर श्रोत्यांच्या वर्गणीवर चाले. समीक्षणाबद्दल केल यांना तेथे मानधन मिळत नसे. पदरी एक मुलगी होती आणि तिचे संगोपन त्या एकट्याच करीत होत्या.

१९६३ साली त्यांनी एक संपूर्ण कार्यक्रम श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी वाहिला. एका विवाहित श्रोतीने त्यांच्या बोलण्यातील धारेवरून त्या अविवाहित असाव्यात, असा तर्क केला होता. इतरांवर माया करायला शिकले की आवाजातील ही धार नाहीशी होते, असा तिचा उपदेश होता. केल यांनी पत्र बाजूला सारले नाही. त्यांनी उलट विचारले, की इतरांची काळजी असल्यामुळेच आवाजाला धार येत असेल, हे कधी मनात आले आहे काय? बुद्धीने बोलणाऱ्या स्त्रीवर आक्रमकपणाचा आणि सूडबुद्धीचा आरोप किती सहज केला जातो, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले. उत्तर झोंबणारे आहे. परंतु श्रोतीला त्यांनी वादास योग्य प्रतिपक्ष मानले आणि कारणे देऊन उत्तर दिले, हे लक्षात घ्यावे लागते. नुसती स्तुतिपत्रे वाचून दाखवणे सोपे होते.

१९६५ साली त्यांच्या लेखांचा पहिला संग्रह निघाला व तो चांगला खपला. त्यानंतर ‘मॅकॉल्स’ या स्त्रियांच्या मोठ्या खपाच्या मासिकात त्यांना काम मिळाले, पण ते काही महिनेच टिकले. ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ या अतिशय लोकप्रिय चित्रपटावर त्यांनी सडकून टीका केली आणि म्हणून त्यांना काढले, अशी आख्यायिका आहे. संपादकांचे म्हणणे निराळे होते. केल जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय चित्रपटावर सतत टीका करीत, हे त्यांच्या मते खरे कारण होते. कोणतेही कारण धरले, तरी बहुसंख्य वाचकांच्या आवडीविरुद्ध लिहिण्याची किंमत नोकरी गमावून द्यावी लागली, हे उरतेच.

पुढच्याच वर्षी वाचक आणि समीक्षक यांच्या नात्याचे दुसरे रूप दिसले. ऑगस्ट १९६७मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ हा दरोडेखोर जोडप्यावरील चित्रपट प्रदर्शित झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ज्येष्ठ समीक्षक बॉस्ली क्राउदर १९४० पासून त्या पदावर होते. त्यांनी या चित्रपटातील हिंसेवर एकदा नव्हे, अनेकदा झोड उठवली. वाचकांनी त्यांच्याविरुद्ध पत्रे लिहिली. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाचे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही प्रथम प्रतिकूल लिहिले. मात्र त्यांनी तो चित्रपट भरलेल्या प्रेक्षागृहात पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपले मत मागे घेतले. केल यांनी या चित्रपटावर एक प्रदीर्घ लेख लिहिला. तो एका साप्ताहिकाने नाकारला आणि ऑक्टोबरमध्ये ‘द न्यूयॉर्कर’ने छापला. पडद्यावरील हिंसा पाहून प्रेक्षक हसता हसता एकदम गप्प का होतात, याचा विचार त्यात आहे. म्हणजे चित्रपटाबरोबरच चित्रपट पाहणाऱ्यांचेही ते परीक्षण होते. १९६८च्या आरंभी क्राउदर यांच्या जागी दुसऱ्या समीक्षकाची नेमणूक झाली. केल यांना त्याच वर्षी ‘न्यूयॉर्कर’मध्ये नियमित स्थान मिळाले, तेही प्रारंभी वर्षातील सहा महिन्यांपुरतेच. उरलेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या एक समीक्षक लिहीत.

एखाद्या चित्रपटाविषयीचा असा वाद पुष्कळदा काही महिन्यांत निवळतो. कारण चित्रपट पुरा झालेला असतो आणि समीक्षक व वाचक दोघांनीही तोच पाहिलेला असतो. दूरचित्रवाणीवरील मालिकेचे तसे नाही. १९८७-८८मध्ये दूरदर्शनवर दाखवलेल्या ‘रामायण’ मालिकेचे ७८ भाग झाले. ते दर रविवारी सकाळी घराघरांत पाहिले गेले. अशा मालिकेवर पहिल्या चार भागांनंतर लिहिणाऱ्याला पुढचे ठाऊक नसते आणि ती संपल्यावर लिहिणाऱ्याला वाचक मिळत नाही. म्हणून मालिकेचा समीक्षक त्याच मालिकेविषयी पुन्हा पुन्हा लिहितो आणि क्वचित पहिले मत फिरवतोही. चित्रपटाच्या समीक्षकाने पुष्कळदा चित्रपट वाचकाच्या आधी पाहिलेला असतो. मालिकेच्या बाबतीत मात्र पत्र लिहिणाऱ्या वाचकाने एकही भाग चुकवलेला नसतो आणि उत्तर देणाऱ्या समीक्षकाचे काही भाग हुकलेले असतात.